आरोपीची रिकामी जागा

शाळेपासूनची मैत्री असलेले पाच-सहा जण एखाद्या रविवारी एकत्र येतात. कोणी डोंबिवलीत राहते, कोणी कल्याणला, कोणी लग्नानंतर ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला गेलेले असते. व्यापारी संकुलातील एका वरच्या मजल्यावर माणशी काही शे रुपये भरून ते स्वतःला एका खोलीत कोंडून घेतात. खोलीत खून झालेला असतो. साठ मिनिटांत खुनी शोधून काढावयाचा आणि खोलीबाहेर पडावयाचे, एवढीच अट. 'एस्केप रूम' या इंग्रजी नावानेच आपल्याकडे रूढ झालेला हा करमणुकीचा प्रकार वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत मुळात येतो काय, अशी शंका साहजिकपणे घेतली जाईल. परंतु या खोलीत शिरलेला माणूस साठ मिनिटे जे करीत असतो त्याला 'वाचन' याहून अधिक योग्य शब्द सापडत नाही. तो भिंती वाचतो, घड्याळ वाचतो, टेबलाच्या खणातील दैनंदिनी वाचतो आणि कोपऱ्यात ठेवलेला मृतदेहाचा पुतळाही वाचतो. ज्या संहितेत वाचकाला सदेह प्रवेश मिळतो, अशी ही संहिता आहे, आणि ती रहस्यकथा नावाच्या जुन्या वाङ्मयप्रकाराच्या पोटातून निघाली आहे. तेव्हा त्या प्रकाराचे तिने काय केले, हे विचारणे अस्थानी ठरू नये.

खेळाचा इतिहास अल्प आहे. २००४ साली तोशिमित्सु ताकागी या जपानी रचनाकाराने संगणकाच्या पडद्यावर एका तांबड्या खोलीतून सुटण्याचा खेळ रचला. २००७ मध्ये ताकाओ कातो याने क्योतो शहरात तोच प्रकार प्रत्यक्ष जागेत, जित्याजागत्या माणसांना घेऊन करून पाहिला. तेथून तो पूर्व आशियात आणि युरोपात पसरला आणि २०१४च्या सुमारास मुंबईत पोचला. तुरुंग, वेड्यांचे इस्पितळ, शापित हवेली, बँकेची तिजोरी असे त्याचे ठरीव विषय आहेत. त्यांत खुनाच्या तपासाला मान मोठा. यांतील पहिले दोन विषय ठाणेकरांना अगदीच परके नाहीत. जुन्या किल्ल्यातले कारागृह आणि १९०१ सालापासूनचे मनोरुग्णालय या दोन्ही वास्तू त्यांच्या गावातच उभ्या आहेत, आणि 'याला आता ठाण्याला पाठवावे लागणार' हा मराठीतला जुना टोमणा त्यांनी बाहेरगावच्या नातेवाइकांकडून पुष्कळदा ऐकलेला असतो.

खुनाच्या खोलीचा सर्वसाधारण आराखडा असा. एका धनिकाची अभ्यासिका. घड्याळ नऊ चाळीसला थांबलेले. पुस्तकांच्या मांडणीत एक पुस्तक उलटे. भिंतीवर कुटुंबाचे छायाचित्र, त्यातल्या एका चेहऱ्यावर लाल फुली. चार आकड्यांची कुलपे लावलेले तीन खण, अक्षरे जुळवून उघडणारी एक पेटी, विशिष्ट दिव्याच्या जांभळ्या उजेडातच दिसणारी भिंतीवरची अक्षरे, आणि योग्य वस्तू योग्य जागी ठेवली की चुंबकाची पकड सुटून उघडणारे एक कपाट. दार लागण्यापूर्वी खेळ चालविणारा मुलगा काही सूचना देतो: कोणत्याही वस्तूवर जोर लावू नका, अडलात तर भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहून हात करा, इशारा मिळेल, आणि ज्या वस्तूंवर चिकटपट्टी लावली आहे, त्या खेळाचा भाग नाहीत.

ही शेवटची सूचना सहज ऐकून सोडून देण्याजोगी नाही. वातानुकूलन यंत्र, विजेची बटणे, आग विझविण्याचे नळकांडे यांवर त्या पट्ट्या असतात. १९६८ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात रोलाँ बार्थ यांनी फ्लोबेरच्या एका कथेतील वायुभारमापकाकडे बोट दाखविले होते. त्या भिंतीवरच्या वस्तूचा कथानकाशी काही संबंध नाही, ती कशाचे प्रतीकही नाही. तरीही ती तेथे आहे, आणि तिच्या या निरर्थक असण्यामुळेच 'हे वास्तव आहे' असा भास वाचकाच्या मनात उभा राहतो, असा बार्थ यांचा युक्तिवाद. एस्केप रूममध्ये असा वायुभारमापक संभवत नाही. तेथील प्रत्येक वस्तू चिन्ह असते, आणि जी चिन्ह नाही तिच्यावर तसे लिहून ठेवलेले असते. आपल्या निरर्थक तपशिलांवर शिक्का मारून ते वाचकाच्या वाटेतून दूर करणारी संहिता वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच. खेळाडूला याचे सुख होते, हे नाकारता येत नाही. डोंबिवलीहून सकाळची जलद गाडी पकडणाऱ्या माणसाच्या आयुष्यात निरर्थकाचा भरणा पुष्कळ असतो. येथे तासभर तरी तो वगळलेला आहे.

परंतु त्यामुळे मृत माणसाचे काय होते, हेही पाहावयास हवे. त्याची दैनंदिनी ही कुलपाच्या आकड्याची पुडी होते. त्याने मुलीला लिहिलेल्या पत्रातील दुःख कोणी वाचीत नाही. प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर काढून घेतले जाते. लाल फुलीचा चेहरा कोणाचा, याला त्या चेहऱ्यामागील अंकांपेक्षा अधिक महत्त्व उरत नाही. रहस्यकथेत 'कोणी मारले?' या प्रश्नाला 'का मारले?' हा प्रश्न चिकटून येत असे. येथे 'का' गळून पडतो, मग 'कोणी' दुय्यम होतो, आणि अखेरीस 'आकडा काय?' एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

२

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली रहस्यकथेच्या प्रकारांची मांडणी करताना तिच्यात दोन कथा असतात असे म्हटले: एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पहिली खरी, पण अनुपस्थित. दुसरी उपस्थित, पण स्वतः क्षुल्लक. गुन्ह्याची कथा सांगून पूर्ण होण्यापूर्वीच संपलेली असते आणि तपासाची कथा ती मागे जाऊन जुळवीत असते. एस्केप रूममध्ये ही क्षुल्लक म्हटलेली दुसरी कथाच सर्वस्व होते. तपासाच्या कथेला येथे निवेदक नसतो. तिचे वहन खेळाडूंची शरीरे करतात. वाकणे, चाचपणे, ओरडणे, एकमेकांच्या हातातून किल्ली हिसकावणे हेच तिचे कथन. इतके मान्य करून पुढे जाता येईल. मात्र या प्रकाराचा पूर्वज जी 'बंद खोलीची कथा', तिच्याशी त्याची तुलना केली असता एक विलक्षण उलटापालट दिसून येते, आणि प्रस्तुत विवेचनाचा रोख तिच्याकडेच आहे.

एडगर अ‍ॅलन पो यांची रू मॉर्गवरील खुनांची कथा १८४१ सालची. गास्ताँ लरू यांची पिवळ्या खोलीची कादंबरी १९०७ सालची, आणि जॉन डिक्सन कार यांनी १९३५ च्या 'द हॉलो मॅन' मध्ये तर आपल्या गुप्तहेराच्या तोंडून बंद खोलीच्या युक्त्यांवर एक संपूर्ण व्याख्यानच घातले आहे. या परंपरेतील कोडे नेहमी एकच: दार आतून लागलेले, खिडक्या बंद, आत प्रेत, मग खुनी बाहेर पडला कसा? गुप्तहेर बाहेरून येतो. दार फोडले गेलेले असते, तो हवा तेव्हा आत जातो, हवा तेव्हा घरी जाऊन तंबाखू ओढीत विचार करतो. खोलीतून सुटण्याचा प्रश्न त्याच्यापुढे कधीच नसतो. तो प्रश्न होता खुन्यापुढे.

एस्केप रूमने हा प्रश्न उचलून तपास करणाऱ्याच्या गळ्यात बांधला. आता प्रेताबरोबर बंद खोलीत सापडलेला आणि काही करून बाहेर पडू पाहणारा माणूस म्हणजे खेळाडू. त्याच्या अंगावर गुप्तहेराचे नाव आहे, परंतु रचनेच्या दृष्टीने पाहिल्यास तो खुन्याच्या जागेवर उभा आहे. पो यांचा द्युपाँ खिडकीच्या खिळ्याकडे पाहून दुसऱ्या कोणाचा मार्ग शोधीत होता. डोंबिवलीचे हे मित्र स्वतःचा मार्ग शोधीत असतात. एवढा मोठा पालट झाला असूनही खेळाची कथा त्याची दखल घेत नाही. दार उघडले की 'तुम्ही खुनी शोधलात' असे अभिनंदन होते. 'तुम्ही निसटलात' हा त्याच घटनेचा दुसरा अर्थ 'एस्केप' या शब्दातच ठळकपणे लिहिलेला असताना कोणी वाचीत नाही.

मराठी रहस्यकथेने या शब्दाचा अर्थ कसा घेतला होता हे ओझरते नोंदविण्याजोगे आहे. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय, झुंजार आणि काळापहाड खलनायकांच्या कोंडवाड्यांतून निसटत, आणि ते निसटणे म्हणजे पराक्रम असे. तेथे वाचकाची लेखकाशी स्पर्धा नव्हती. दुवे आपल्याआधी जुळवून दाखव, असे आव्हान अर्नाळकर आपल्या वाचकाला सहसा देत नसत. पुढे सुहास शिरवळकरांच्या फिरोज इराणी, दारा बुलंद यांनीही वाचकाला सोबत धावविले, त्याची परीक्षा घेतली नाही. भाड्याच्या वाचनालयांतून ही पुस्तके फाटेपर्यंत वाचणारी पिढी आणि आज खोलीत शिरणारी तिची नातवंडे यांच्यात हा फरक मोठा आहे. जुना वाचक नायकाच्या सुटकेने सुटत असे. नव्याला गुण मिळवावे लागतात, भिंतीवर लाल आकड्यांत उलटे चाललेले घड्याळ त्याच्यासाठीच असते.

३

खून, बंद खोली, सांकेतिक खूण आणि सुटका ही चारही सूत्रे एकत्र आलेली एक घटना ठाण्यात पूर्वी घडून गेली आहे, आणि तिच्यात निसटणारा कोण होता हे खेळापेक्षा इतिहासाने अधिक स्वच्छ सांगितले आहे.

गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन याचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात, विठ्ठलाच्या देवळातून परतताना, मारेकऱ्यांकरवी खून झाला. तो इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांच्या दरबारी आला होता. पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने खुनाचा ठपका दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर ठेवला आणि त्याला इंग्रजांच्या हवाली करण्यास पेशव्याला भाग पाडले. त्रिंबकजीला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्याच्यावर रीतसर खटला चालला नाही. पहाऱ्यावर मुद्दाम युरोपीय शिपाई नेमले होते; देशी शिपाई फितूर होतील अशी धास्ती असावी. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पळाला. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिलेली हकिगत अशी की, किल्ल्यातील एका अधिकाऱ्याच्या पदरी असलेला मराठा मोतद्दार घोडा फिरवीत कैद्याच्या खिडकीखालून येजा करी आणि जे कळवावयाचे ते सहज गुणगुणल्यासारखे गाऊन कळवी. पहारेकऱ्यांच्या कानांवर ते रोज पडत होते. मराठी येत नसल्यामुळे त्यांना ना अर्थ कळला, ना संशय आला. पुढे बिशप हेबर या भागात आला तेव्हा ही कथा त्याने मोठ्या चवीने टिपून ठेवली.

या घटनेची परिणती सर्वज्ञात आहे. १८१७ चा पुणे तह, खडकीची लढाई आणि १८१८ मध्ये पेशवाईचा शेवट या साखळीत त्रिंबकजीचे पलायन हा एक दुवा मानला जातो. तो स्वतः १८१८ मध्ये पुन्हा पकडला गेला आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेतच मरण पावला. परंतु येथे लक्ष वेधावयाचे आहे ते त्या गाण्याकडे. खिडकीखालची ओळ ही अगदी खऱ्या अर्थाने 'क्ल्यू' होती: सर्वांना ऐकू येणारी, एकालाच कळणारी. तिचे संकेतपण भाषेवर उभे होते, आणि भाषा ही पहारेकरी व कैदी यांच्यामधली खरी भिंत होती. एस्केप रूममधील खुणा याच्या नेमक्या उलट घडविलेल्या असतात. त्या कोणालाही कळाव्यात, निदान तीस-चाळीस मिनिटांत कळाव्यात, अशा बेताने रचलेल्या असतात. ठाणे-मुंबईच्या खेळांतून त्यांची भाषा बहुधा इंग्रजी असते; मित्र आपसांत मात्र मराठीत ओरडत असतात. आणि कॅमेऱ्यापाठी बसलेल्या आजच्या पहारेकऱ्याला मराठी चांगले येते, म्हणून तर तो वेळेवर इशारा देऊ शकतो. कैद्याच्या सुटकेसाठी पहारेकरीच झटत असल्याचे हे दृश्य त्या मोतद्दाराला चमत्कारिक वाटले असते.

गंगाधरशास्त्र्याचा खून नेमका कोणाच्या आज्ञेने झाला, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. म्हणजे ठाण्याच्या या खऱ्या खोलीतून सुटका झाली, पण खुनाचे उत्तर मिळाले नाही. आणि जो सुटला तो तपास करणारा नव्हता, ज्याच्यावर आरोप होता तो होता. खेळ या दोन गोष्टी एकमेकींना जुंपतो: उत्तर सापडले तरच दार उघडते. सत्य सापडणे आणि मोकळे होणे एकच, असे एक आश्वासन त्या चुंबकी कुलपात बसविलेले आहे. ते सुखद आहे. ते खरे मानून चालण्याइतका पुरावा निदान ठाण्याच्या इतिहासात मिळत नाही.

४

मित्रमंडळी, वेळ घालविण्यासाठी मांडलेला खेळ, बाहेरून लागलेले दार आणि हत्येचा आरोप ही जुळणी मराठी वाचकाला एस्केप रूमपूर्वी परिचित होती. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांची होती. या नाटकाविषयी आजवर स्त्रीचे शोषण, मध्यमवर्गीय दांभिकता, न्यायसंस्थेचे विडंबन या अंगांनी विपुल लिहिले गेले आहे. त्यातील दाराविषयी मात्र फारसे लिहिले गेलेले नाही.

मुंबईहून एका गावी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी आलेली हौशी मंडळी रिकाम्या सभागृहात जमतात. रात्रीच्या प्रयोगात अण्वस्त्रांच्या प्रश्नावरून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर खटला चालावयाचा आहे. मधला वेळ काढण्यासाठी, आणि गावातल्या सामंतला कोर्ट म्हणजे काय ते समजावून देण्यासाठी, एक लुटुपुटीचा खटला मांडला जातो. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. या सभागृहाच्या दाराच्या कडीत एक दोष आहे, ती नीट सरकवली नाही तर दार बाहेरून लागते, हे तेंडुलकर आरंभीच सांगून ठेवतात; बेणारेचे बोट त्या कडीत सापडलेले असते. खेळ तिच्या खऱ्या आयुष्याला भिडू लागतो तेव्हा ती पर्स उचलून निघते. दार उघडत नाही.

खोलीच्या दृष्टीने पाहिले तर हे नाटक एस्केप रूमचे मर्म आधीच उलटे करून ठेवते. खोलीत सगळेच कोंडलेले आहेत, परंतु बाहेर पडावयाचे आहे ते फक्त आरोपीला. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे यांना बंद दाराचा उपद्रव होत नाही, उलट सोयच होते. पुरावा गोळा करण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. सामंतची साक्ष त्याच्या हातातल्या कादंबरीतून उचललेली असते, आणि तरीही ती नेम धरून लागते. म्हणजे येथेही खोलीतील प्रत्येक वस्तू, अगदी एक भिकार कादंबरीदेखील, चिन्ह बनते. चिकटपट्टी कशावरच नाही. जो प्राध्यापक दामले या सगळ्याला जबाबदार, तो सहल टाळून मोकळा राहिला आहे. अखेर भ्रूणहत्येच्या खोट्या आरोपाने सुरू झालेला खेळ तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याच्या निकालापाशी येतो. हत्या शोधण्यासाठी बसलेले न्यायालय हत्येची आज्ञा देते. खुनी कोण, या प्रश्नाचे उत्तर खेळणाऱ्यांच्या मधोमध बसलेले असते, आणि ते ओळखण्याची एकाचीही इच्छा नसते.

फ्रीड्रिख ड्युरेनमाट यांच्या 'डी पान्ने' या १९५६ सालच्या कथेशी तेंडुलकरांच्या नाटकाचे साम्य असल्याची चर्चा पुष्कळ झाली. मोटार बिघडल्यामुळे एका गावात अडकलेला फिरता विक्रेता निवृत्त न्यायाधीश-वकिलांच्या घरगुती खेळात हौसेने आरोपी होतो आणि स्वतःचा अपराध त्याला हळूहळू पटत जातो. साम्य आहेच, पण दाराचा दोष तेंडुलकरांचा स्वतःचा आहे, आणि तोच येथे महत्त्वाचा. ड्युरेनमाटचा नायक स्वखुशीने थांबतो. बेणारेला कोंडले जाते.

आणि दार उघडते ते कसे? कोणी कोडे सोडविल्याने नव्हे. प्रयोगाची वेळ झाली म्हणून गावकरी बाहेरून दार ढकलतात, आत डोकावतात आणि प्रयोग सुरू झाला काय असे विचारतात. क्षणात मंडळी भानावर येतात, नेहमीच्या बोलण्यावर येतात. सारे खेळातलेच होते, मनावर घ्यावयाचे नाही, असे बेणारेला सांगितले जाते. एस्केप रूमच्या भाषेत बोलावयाचे तर साठ मिनिटे संपलेली आहेत.

५

करमणुकीच्या खेळाकडून तेंडुलकरांची अपेक्षा करणे हा अन्याय आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये प्रतिपादन केल्याप्रमाणे खेळाला स्वतःचे स्थळ आणि स्वतःचा काळ असतो, तो नित्याच्या व्यवहाराबाहेर आखलेले एक रिंगण असतो. त्यात जीवनाचे हिशेब आणू नयेत. आक्षेपात तथ्य आहे. परंतु खुनाचे खेळ आरोपीची जागा मुळातच ठेवू शकत नाहीत, असे मात्र नाही. १९४९ साली इंग्लंडमध्ये बाजारात आलेल्या 'क्लूडो' या पटावरच्या खेळात आपण ज्या पात्राची सोंगटी हलवितो तेच खुनी निघू शकते, आणि ते आपल्याला शेवटपर्यंत ठाऊक नसते. बैठकीच्या घरगुती खेळात असे घडावे ही साधी गोष्ट नव्हे. चीनमध्ये अलीकडच्या काळात तरुणांत कमालीचा लोकप्रिय झालेल्या 'जुबेन्शा' या प्रकारात प्रत्येकाला एकेका पात्राची लिखित भूमिका मिळते, आणि टेबलाभोवतीच्या मित्रांपैकी एकाला, फक्त त्यालाच, आपण खुनी आहोत हे माहीत असते. तीन-चार तास तो मित्रांशी खोटे बोलत राहतो. अगाथा ख्रिस्ती यांनी तर 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०) आणि 'डेड मॅन्स फॉली' (१९५६) या दोन कादंबऱ्यांत खुनाच्या खेळातच खरा खून घडवून आणला. खेळाचे रिंगण किती पातळ असते हे या बाईंना चांगले उमगले होते.

म्हणजे आरोपीची जागा रिकामी ठेवणे ही खेळ या प्रकाराची मर्यादा नसून एस्केप रूमने केलेली निवड आहे. तिने सर्व मित्रांना एकाच बाजूला घेतले. खुनी भिंतीवरच्या छायाचित्रात आहे, कागदावर आहे, कधीचाच निघून गेलेला आहे. संशय एकमेकांवर घेण्याचे कारणच उरत नाही. या खेळाची जाहिरात 'संघभावना' वाढविण्यासाठी केली जाते आणि कचेऱ्या आपल्या नोकरांना तेथे पाठवितात, हे या दृष्टीने पूर्णपणे सुसंगत आहे.

आणि तरीही खोलीत दुसरे एक नाट्य घडतच असते. कोणी किल्ल्या स्वतःजवळ धरून ठेवतो. कोणी सुरुवातीलाच बरोबर उत्तर सांगितलेले असते, पण तिचे कोणी ऐकलेले नसते, आणि पंधरा मिनिटांनी तेच उत्तर दुसरा मोठ्याने सांगतो तेव्हा टाळ्या पडतात. शाळेत वर्गनायक होता तो येथेही आज्ञा देऊ लागतो. कोणी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहतो आणि आपल्याला यातले कळत नाही हे हसण्यावारी नेतो. वीस वर्षांची मैत्री, तिच्यातील जुने कमी-अधिकपण, पैशाचा आणि पत्त्याचा फरक, डोंबिवलीत राहिलेला आणि ठाण्याला गेलेला, हे सारे त्या साठ मिनिटांत उघड्यावर येते. तेंडुलकरांनी अशाच ऐवजातून नाटक उभे केले होते. एस्केप रूमच्या संहितेत मात्र या ऐवजाला जागा नाही. तो नोंदला जातो फक्त कॅमेऱ्यात, आणि तो पाहणारा मुलगा दिवसातून आठ-दहा गटांत तेच पाहत असल्यामुळे त्याला त्याचे काही वाटत नसावे. खेळाडूंच्या या वर्तनावर विचित्र प्रकाश टाकणारी एक गोष्ट अशी की, कोणालाही दार फोडावेसे वाटत नाही. वस्तूंवर जोर लावू नये हा नियम सर्वांच्या हाडीमासी खिळलेला असतो. खरे पाहता आणीबाणीत बाहेर पडण्यासाठी एक कळ दाराशेजारीच असते, तीही चिकटपट्टी लावलेली.

तास संपतो. जिंकलेल्यांच्या आणि हरलेल्यांच्या हाती गमतीचे फलक देऊन बाहेर छायाचित्र काढले जाते. मग कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात वा स्टेशनकडे जाताना रिक्षात ते तिसऱ्या खणाच्या आकड्याबद्दल बोलत राहतात. चौथा आकडा सात की एक, यावर वाद होतो. खून पुतण्याने केला की कारभाऱ्याने, हे सहापैकी दोघांना नक्की सांगता येत नाही. मृताचे नाव विचारले तर बहुधा कोणालाच सांगता येणार नाही.

इकडे खोलीत मुलगा पुढच्या गटाची तयारी करीत असतो. तो घड्याळाचे काटे नऊ चाळीसवर आणतो. पुस्तक पुन्हा उलटे ठेवतो, पत्राची घडी मूळच्या वळींवर घालतो, तिन्ही खणांची कुलपे फिरवून लावतो. पुतळ्याच्या छातीवरचा लाल रंग हात लागून लागून फिका झालेला असतो. महिन्या-दोन महिन्यांनी तो नव्याने द्यावा लागतो. बाहेर बाकावर पुढचे पाच जण नावे आणि फोन क्रमांक लिहून देत असतात.